खताच्या पोत्याची पिशवी

पेटीची पिशवी झाली होती. सातव्या प्रकरणात, वरून चौथ्या ओळीत, सिंधूताई लोखंडी पेटी उचलून घराबाहेर पडते असं महामायाने लिहिलं होतं. ती पेटी तिने लिहिताना डोळ्यांपुढे अशी काही उभी केली होती की आठवणीतली कोणती आणि लिहिलेली कोणती हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं. निळा रंग, एका कोपऱ्याला गंज, कडीला बांधलेली सुतळी. आणि आता मोबाईलच्या पडद्यावर पेटी नव्हती, निळा रंग नव्हता, सुतळीही नव्हती. ‘खताच्या पोत्याची पिशवी’ एवढेच शब्द होते आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं चालू होतं. दुपारचे दोन वाजले होते. ती नोकरीला होती त्या शेगावच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक केव्हाच परतले होते आणि नळ्या फिरवायचं यंत्र कोपऱ्यात घुमत होतं. डबा खाता खाता एखादं वाक्य डोळ्यांखालून घालायचं, एवढीच तिची दुपारची चैन. घास तोंडातच राहिला. आपणच कधी बदललं असेल, झोपेत, तंद्रीत, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण खताच्या पोत्याची पिशवी हे तिला मुळी माहीतच नव्हतं. जे आपल्याला माहीत नाही ते आपण झोपेत तरी कसं लिहू? तिने डबा बंद केला. हाताला वास येत होता, स्पिरिटचा आणि मेथीच्या भाजीचा.

कादंबरी लिहायची तर बसायला काय लागतं, याचा शोध तिने दीड वर्ष घेतला होता, आणि त्या शोधातच अर्धी कादंबरी झाली असती असं तिचं तिलाच हसू यायचं. आधी लॅपटॉप. खामगावला जुने मिळतात म्हणून एका रविवारी गेली, दुकानदाराने तिच्या चपलांकडे बघून सर्वांत आतला दाखवला, आणि त्याचीही किंमत ऐकून ती पाणी पिऊन परत आली. मग वह्या आणल्या, पण दिवसभर रिपोर्टांवर सह्या केलेला हात संध्याकाळी वहीवर टेकला की बोटं आखडायची. मग एकदा स्टेशनच्या रस्त्याला, भक्तांना माळा आणि फोनची कव्हरं विकणाऱ्या एका टपरीवर, तिला फोनला जोडायचा छोटा कीबोर्ड दिसला. दोन बटणांवरची अक्षरं झिजलेली म्हणून टपरीवाल्याने तो जवळजवळ टाकूनच दिला होता. फोन भावाचा जुना, प्रसेनजितने नवा घेतल्यावर तिच्याकडे आलेला, काचेला आडवी चीर. फोन उभा ठेवायला फोटोफ्रेमचा लोखंडी पाय. असा सगळा संसार जमला तेव्हा ती भाड्याच्या खोलीत पत्र्याच्या टेबलापुढे बसली आणि तिला इतकी भीती वाटली की पहिल्या दिवशी तिने फक्त स्वतःचं नाव टाइप केलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी आईचं नाव टाइप केलं. ते पुसलं नाही.

नावं मागाहून बदलू, असं तिने ठरवलं होतं. खरी नावं असली की हात चालतो, खोटी घातली की वाक्य लंगडतं. म्हणून कादंबरीतली सिंधूताई ही तिची आई सिंधूताईच होती, पुंजाजी हा तिचा बाप पुंजाजीच होता, मेहकर डेपोचा कंडक्टर, आठवड्यातून चार दिवस मुक्कामी गाडीवर जाणारा. गावही लोणार तालुक्यातलं सुलतानपूरच होतं. घरी बसून यातली एक ओळ लिहिता आली नसती. घरी कोणी मागे उभं राहून वाचायचं असं नाही, पण त्या घरात एक गोष्ट कधीच बोलली गेली नव्हती आणि ती न बोलण्याची सवय भिंतींनाही लागली होती. शेगावला नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, बरं झालं. तसं पाहिलं तर तिला बाहेर काढलं ते आईनेच. दहावीनंतर बाबा म्हणत होते, इथंच काहीतरी बघू. आई जन्मात कधी बाबांपुढे दुसऱ्यांदा बोलली नव्हती, त्या वेळी मात्र तीन दिवस धरून बसली, पोरगी अकोल्यालेच शिकन. प्रसेनजितला आईने चिक्कार बदडलं, पण महामायावर तिने कधी हात उगारला नाही. भाकरीचा पापुद्रा तिला, दुधाची साय तिला. पोरीवर जीव आहे, असं सगळे म्हणायचे, आणि महामायाही तेच समजून मोठी झाली.

लॅब सुटल्यावर ती सरळ गणेशच्या मोबाईलच्या दुकानात गेली. गणेशने याआधी दोनदा तिच्या फोनचं चार्जिंगचं भोक साफ करून दिलं होतं, तेवढीच ओळख. माझ्या फोनात मी लिहिलेलं आपोआप बदलतं का, असं तिने विचारलं, आणि विचारतानाच आपण वेड्यासारखं बोलतोय हे तिला कळलं. गणेश हसला नाही. त्याने विचारलं, “खातं कोनाचं हाये ह्याच्यात, ताई?” खातं कोणाचं म्हणजे? खातं घरचं. सुलतानपूरच्या मोबाईलवाल्या भागवतने घरात पहिला मोठा फोन आला तेव्हा बाबांच्या नावाने काढून दिलेलं, पासवर्ड बाबांचं नाव आणि जन्मसाल. मग प्रसेनजितचा फोन आला तेव्हा भागवतने तेच घातलं, वहिनीच्या फोनात तेच. घराला एक रेशन कार्ड तसं घराला एक खातं, यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. गणेशने कपाळाला हात लावला. “मंग तुम्ही इथं जे लिवता थे तिथं दिसते, आन् तिथं कोनी हात लावला तं इथं बदलते. वही एकच हाये ना थे. फकस्त पाह्यनारे दोघं.” त्याने हात पुढे केला, “द्या इकडं, नवीन खातं खोलून सगळं त्याच्यात टाकून देतो, पाच मिन्टाचं काम.” फोन त्याच्या हातात जाता जाता त्याची नजर पडद्यावर गेली, आणि त्या पडद्यावर सातवं प्रकरण उघडं होतं. महामायाने फोन ओढून घेतला. नंतर येते म्हणाली आणि दुकानाची पायरी उतरली.

मंदिराच्या बाजूच्या रस्त्याला नेहमीची गर्दी होती, लॉजवाले पिशव्या धरून लोकांना ओढत होते, आणि त्या सगळ्यांत तिला आठवलं की मागच्या पावसाळ्यात तिच्या फोनात एक नोंद उगवली होती, ‘पाढे दोन ते दहा, निबंध माझी शाळा’. भावाच्या वेळचं जुनं काहीतरी असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं होतं. ते पायलचं होतं, प्रसेनजितच्या पोरीचं. बाबांच्या मोठ्या फोनवर ती अभ्यास करते. म्हणजे अकराच्या अकरा प्रकरणं दीड वर्ष घरातल्या फोनात पडून होती, आणि तो फोन कपाटावर, स्वयंपाकघरात, बाबांच्या उशाशी, कुठेही असायचा. कोणी वाचलं? आई घर सोडून गेली तेव्हा प्रसेनजित तीन वर्षांचा होता, त्याला पेटीही माहीत नाही आणि पिशवीही नाही. आईला वर्तमानपत्राचे मथळे कसेबसे वाचता येतात, फोनचं हिरवं बटण दाबता येतं, बास. मग उरले बाबा. बाबा मुक्कामाची गाडी करून तिसऱ्या दिवशी घरी आले होते. घरात पेटी जागच्या जागी आहे आणि पिशवी नाही, हे पाहणारा तोच माणूस. महामाया रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मागून आलेल्या रिक्षावाल्याने तिला शिवी घातली तेव्हा कुठे ती कडेला झाली.

ती सात वर्षांची होती. एका सकाळी तिने फाट्यावर, रसवंतीच्या ताडपत्रीआडून, आईला काळी-पिवळी जीपमध्ये बसताना पाहिलं. एस.टी. नाही, कारण एस.टी.तले सगळे बाबांच्या ओळखीचे. आईने पदर पुढे ओढला होता. जीप मेहकरच्या दिशेने गेली आणि नऊ दिवस आई नव्हती. शेजारची केसरबाई सकाळी भाकरी करून द्यायची. बाबा आले, सगळ्यांना सांगू लागले की माहेरी गेली, बहीण बिमार आहे. आणि चौथ्या दिवशी तीच मावशी, धडधाकट, बोरांचं गाठोडं घेऊन आईला भेटायला दारात उभी राहिली. बाबांनी तिला आत बोलावून दार लोटलं. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, मावशी बोरं ठेवून गेली, ती बोरं कोणी खाल्ली नाहीत. दहाव्या दिवशी शाळेतून आल्यावर आई चुलीपुढे बसलेली होती. बाबांनी एक प्रश्न विचारला नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मुक्कामी गाडी सोडली, डेपोत हातापाया पडून दिवसाची ड्युटी मागून घेतली, आणि आईला नावाने हाक मारणं बंद केलं. ‘ऐकलं का’ नाही, ‘अवं’ नाही, काहीच नाही. चोवीस वर्षं ते भिंतीशी बोलल्यासारखं बोलतात आणि आई उत्तर देते.

आणि मी काय केलं, महामायाच्या मनात आलं, मी त्यात एक माणूस घातला. तिथेच खरी धास्ती होती, पेटीत नव्हे आणि पिशवीतही नव्हे. बाई नऊ दिवस कुठे जाते याला कादंबरीत काहीतरी कारण लागतं. रिकामे नऊ दिवस वाचणाऱ्याला पटणार नाहीत असं तिला वाटलं, म्हणून तिने जीपमध्ये पुढच्या सीटवर एक निळ्या शर्टाचा माणूस बसवला. आई बसली तसा त्याने मागे वळून पाहिलं, असं लिहिलं. दोन पानं त्याच्यावर खर्च केली, त्याच्या बोटातली अंगठी, त्याचं न बोलणं. हा माणूस तिने एका पावसाळी रविवारी चहा उकळेपर्यंत तयार केला होता. पण बाबा ते कादंबरी म्हणून वाचणार नव्हते. त्यांनी कधी कादंबरी वाचलीच नव्हती. कंडक्टरच्या हिशेबात लिहिलेलं ते झालेलं. खाली नाव स्वतःचं, गाव स्वतःचं, लिहिणारी स्वतःची पोरगी, पाहणारीही तीच. चोवीस वर्षं ज्या माणसाने विचारलं नाही त्याला मी न विचारता उत्तर पाठवलं, आणि तेही खोटं. साठीला टेकलेली आई आता कुठे जाईल?

खोलीवर पोचेपर्यंत साडेसहा वाजून गेले. वाटेत तिने एक जाड वही घेतली, निळ्या पुठ्ठ्याची, कारण फोनातल्या कशावरच आता तिचा भरवसा उरला नव्हता. फोटो काढावा तर तोही तिकडे उगवेल, पुसावं तर तिकडेही पुसलं जाईल आणि पुसलं म्हणजे हिला कळलं हे बाबांना कळेल. आधी घरी फोन लावला. लावताना वाटलं, आईने उचलावा. बाबांनी उचलला.

“जय भीम, बाबा.”

“जय भीम. बोल.”

“काही नाही, असंच.”

“असाच फोन करत नाही तू बुधवारचा.” बाबा थांबले. मागे कुकरची शिट्टी झाली. “हा फोन भरला म्हनते पायल. अटकून राह्यला. उद्या भागवतच्या दुकानात नेतो. तो पाह्यते अंदर काय काय हाये थे.”

“काय असणार अंदर?” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“कोनाले मालूम. माह्या कामाचं तं काही नसन.” बाबा पुन्हा थांबले. “तुहा आवाज काऊन असा येऊन राह्यला?”

“सर्दी.”

“वाफ घे. मी विहारात चाललो वंदनेले, सात वाजत आले.” आणि फोन ठेवला. त्या दोन थांबण्यांत काय होतं, हे ती टेबलापुढे बसून ऐकत राहिली. बाबा बोलताना तसेही थांबतात. तिकीट फाडायला लागणारा वेळ त्यांच्या बोलण्यात अजून आहे, असं तीच कुठेतरी लिहून बसली होती. पण मग अंदर काय काय आहे, असं का म्हणाले? आणि माझ्या कामाचं नसेल, असं का? तिला वाटलं बाबांना सगळं ठाऊक आहे, मग वाटलं काहीच ठाऊक नाही, आणि हे दुसरं वाटणं जास्त वाईट होतं, कारण मग उद्यापर्यंत वेळ होता आणि वेळ असला की काहीतरी करावं लागतं.

तिने वही उघडली आणि सातवं प्रकरण उतरवायला घेतलं. निदान हे एक हातात ठेवायचं आणि मग फोनातलं पुसायचं, मग काय व्हायचं ते होवो. बाकीच्या प्रकरणांत आजोबा होते, शाळा होती, त्यांनी कोणाचं काही बिघडत नव्हतं. एक पान झालं. दुसऱ्या पानावर फाटा आला, रसवंती आली, ताडपत्री आली. शाळा लवकर सुटल्याने पोरगी मोकळ्या हाताने रमतगमत येते आहे. जीप उभी आहे. तिने पुढची ओळ बघायला मान वर केली आणि निळ्या शर्टाचा माणूस गेला. आख्खा. जिथे त्याची दोन पानं होती तिथे पांढरं होतं. तिने बोटही लावलं नव्हतं. हात मांडीखाली धरून ती बघत राहिली. मग खालचा, आई परत येते तो परिच्छेद गेला. मग मावशीची बोरं गेली. घरातल्या त्या फोनवर कोणीतरी आत्ता, या क्षणी, आधी तो माणूस काढून मग खालून वर पुसत येत होतं. खोलीचं दार लावलेलं आहे का, हे तिने उठून बघितलं. मग परत बसली आणि वाचेल तेवढं भराभर वहीत ओढू लागली, अक्षर कुत्र्यामांजराचं, अर्धे शब्द. आणि पुसणं थांबलं. जिथपर्यंत तिचं लिहून झालं नव्हतं तिथे ते अडून राहिलं. खाली एक ओळ हळूहळू उमटली.

‘उतरून घे. तुहे बाबा विहारात हायेत.’

आई. आईला लिहिता येतं, हे तिला माहीत नव्हतं. सांजच्या वेळी पायलजवळ बसून एकेक अक्षर दाबायला शिकली असेल, आणि कोणाला सांगितलं नाही, कारण त्या घरात कोण काय सांगतं? बाबा नव्हते. आईने वाचलं होतं, आई रागावलेली नव्हती, आई उद्याच्या आधी सगळं साफ करत होती आणि तरी लेकीचं लिहिलेलं वाया जाऊ नये म्हणून थांबून थांबून पुसत होती. तिला रडू आलं आणि ते येऊ देत ती लिहीत राहिली. तिचं पान उतरलं की तिकडे तेवढं जायचं. कसं कळत होतं आईला? कदाचित ती मनाने मोजत असेल, पोरीला एवढं लिहायला एवढा वेळ. शंभरेक किलोमीटरवर दोघी एकाच पानावर बसल्या होत्या आणि लहानपणी निवडायला घेतलेल्या तुरीच्या सुपाच्या दोन बाजूंना बसायच्या तसं तिला वाटलं. शेवटी फोनात एकच वाक्य उरलं. ते तिचं सर्वांत आवडतं वाक्य होतं, त्याच्यासाठी तिने अख्खं प्रकरण लिहिलं होतं. ‘आईने मागे वळून पाहिलं नाही, आणि ताडपत्रीआड आपली मुलगी उभी आहे हे तिला कधीच कळलं नाही.’

ते तिने वहीत उतरवलं. आता ते जाईल म्हणून थांबली. ते गेलं नाही. त्याच्या खाली अक्षरं येऊ लागली, एक शब्द, मग बराच वेळ काही नाही, मग दोन शब्द.

‘मी पाह्यलं होतं तुले.’

आणि मग, ‘तुह्या हातात तेलाची बाटली होती.’

महामायाने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बाटलीच्या गळ्याला बांधलेली दोरी दोन बोटांत रुतलेली तिला स्पष्ट जाणवली, तेल आतून हिंदकळलेलं, बाहेरून हाताला लागलेलं. शाळा लवकर सुटली नव्हती. त्या दिवशी शाळाच नव्हती. आईने तिला गोडंतेल आणायला धाडलं होतं, तिला घरातून काढायला धाडलं होतं, आणि ती रस्ता सोडून फाट्यावरच्या दुकानात गेली होती. हे सगळं तिने कुठे ठेवलं होतं इतकी वर्षं? आईने पाहिलं होतं. पाहून ती जीपमध्ये बसली होती. नऊ दिवसांनी परत आली तेव्हा तिला एकच माहीत नव्हतं, पोरीने बापाला सांगितलं की नाही. बापाने विचारलं नाही म्हणजे पोरीने सांगितलं नाही, असं तिने धरलं असेल, आणि मग रोज, रोज सकाळी उठून त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली असेल. भाकरीचा पापुद्रा. दुधाची साय. कधी न उगारलेला हात. पोरगी अकोल्यालेच शिकन, तीन दिवस धरलेला हट्ट. आईचा आपल्यावर जीव होता, हे खरंच असेल, पण आई आपल्याला भीत होती. सात वर्षांच्या पोरीला ती भ्यायली आणि चोवीस वर्षं भीतच राहिली, आणि आपण लांब राहून, फोटोफ्रेमच्या पायाला टेकवलेल्या फोनात, तीच गोष्ट सावकाशीने लिहीत बसलो.

पडद्यावर आणखी एक ओळ आली.

‘तवा नाही सांगतलं. आता काऊन सांगून राह्यली?’

ती ओळ थोडा वेळ राहिली. मग गेली. तेलाची बाटली गेली, पाहिलं होतं ते गेलं, आवडतं वाक्य गेलं, आणि सातव्या प्रकरणाच्या जागी कोरं पान उरलं. महामायाने कीबोर्डवर बोटं ठेवली. माहीत नव्हतं मले, असं लिहावं. तू कुठं होतीस तेव्हा, असं लिहावं. झिजलेल्या बटणावर तिचं बोट टेकलं होतं आणि फोन थरथरला म्हणून ती दचकून मागे सरली. घरचा फोन होता.

तिने उचलला. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता, धावून आल्यासारखा. महामायाच्या पुढ्यात वही उघडी होती, शेवटच्या ओळीची शाई अजून ओली. माय, एवढंच ती म्हणणार होती. तेवढ्यात पलीकडे फाटकाची कडी वाजली, अंगणातल्या फरशीवर चपलांचा आवाज आला आणि बाबांनी भिंतीला विचारावं तसं विचारलं, कोण आहे फोनवर.

“महामाया हाये,” आई म्हणाली. तो आवाज महामायाने जन्मभर ऐकला होता, मऊ, थोडा घाईचा. “जेवली म्हनते.”

महामाया अजून काहीच बोलली नव्हती. तिने ओल्या शाईवर वही मिटली.

“हाव,” ती म्हणाली, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “जेवली.”